माळ्याच्या दाराचा दगड

"कुणाचा पाय वाजतोय?"

सरांनी ऑर्गनवरचे हात उचलले आणि विचारलं. गाणं मध्येच तुटलं. चर्चच्या माळ्यावर आम्ही पोरंपोरी दोन ओळी करून उभे होतो. मी मागच्या ओळीत, भिंतीला चिकटून. बारा वर्षांची असेन. पाय माझाच होता. उजव्या पायाचा अंगठा. लाकडी फळ्यांवर तो आपटत होता आणि मला पत्ताच नव्हता.

सर उठले. माळ्यावर चपला काढून यायचं अशी शिस्त होती, पण सरांचे बूट मात्र त्यांच्या पायात असायचे. ते बूट वाजवत, एकेकाच्या पायाकडं बघत मागं आले. माझ्यासमोर थांबले. मी अंगठा आत ओढला. पण अनवाणी पाय लपवणार कुठं?

"कुठली तू?"

"एकलहऱ्याची, सर."

"ते दिसतंय. मूळची कुठली? आडनाव काय?"

मी आडनाव सांगितलं. आमच्यात जात विचारायची हीच रीत आहे. प्रभूच्या घरात जात नसते, म्हणून जात कुणी विचारत नाही. गाव विचारतात, आडनाव विचारतात आणि मग गप्प बसतात. त्या गप्प बसण्यात सगळं आलं. सर तर गप्पही बसले नाहीत.

"तरीच!" म्हणाले. "हलगीवाल्यांची. बघा रे सगळ्यांनी. हा हलगीचा अंगठा आहे. ह्यांच्या रक्तातच ठेका. आणि ग्रेगोरियन, म्हणजे चर्चच्या ह्या जुन्या लॅटिन गाण्याला ठेका नसतो. ते श्वासावर चालतं. ती प्रार्थना आहे, वरात नाही."

पोरं हसली. सर हसले की हसायचं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या शेजारची माझी मैत्रीणसुद्धा हसली. मला वाटतं, मीही थोडी हसले. भ्यालेलं पोर हसतं.

माळ्याचं दार वाऱ्यानं आपटायचं, म्हणून त्याला एक काळा दगड लावलेला असायचा. वरवंट्यापेक्षा मोठा, पाट्यापेक्षा लहान. सरांनी पुढच्या ओळीतल्या दोघांना तो आणायला सांगितला. त्यांनी तो माझ्या अंगठ्यावर ठेवला. आदळला नाही हं. "हळू, हळू," असं सरच म्हणत होते. उद्या कुणी बोट दाखवायला नको ना. नीट, जपून ठेवला.

"आता गा. एकटी."

मी गायले. कशी गायले ते प्रभूलाच माहीत.  दगड पायावर होता, पण वाटत होतं तो छातीवरच ठेवलाय. दुसऱ्या ओळीपर्यंत आले आणि मला लघवी झाली. फ्रॉकखालून, पिंढऱ्यांवरून, दगडापर्यंत. आता कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं.

खाली आवारात माझी आई झाडत होती. चर्चचं आवार झाडायचं कामच होतं तिचं. सरांनी खिडकीतून हाक मारली. आई बादली आणि फडकं घेऊन वर आली.

"तुझ्याच पोरीचं आहे," सर म्हणाले. "पूस."

आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. दगडाकडं बघितलं. तो अजून माझ्या पायावरच होता. ती खाली बसली आणि पुसायला लागली. दगड उचलायची तिची हिंमत झाली नाही. कडेकडेनं पुसत राहिली. आणि पुसता पुसताच म्हणाली, "चुकलं सर. माफी करा. लहान हाय."

माझ्या मुताची माफी माझ्या आईनं मागितली. हे मी आज सांगतेय. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता अंगठा का हलत होता ते सांगते. हसायचं असेल तर हसा.

आम्ही गात होतो त्यात दोन लॅटिन शब्द होते. 'दोना' आणि 'पाचेम'. अर्थ कुणी सांगितला नव्हता. पोपटाला कोण अर्थ सांगत बसतं? मी आपला माझ्या परीनं अर्थ लावला होता. दोना म्हणजे दोन. पाचेम म्हणजे पाच. देवाचा कसला तरी पाढा असणार. मग मधले तीन आणि चार गेले कुठं? हे कोडं मला सुटायचं नाही. सरांना विचारायची छाती नव्हती. म्हणून ते दोन आकडे मी अंगठ्यानं भरून काढायचे. तीन, चार. टक, टक. देवाचा हिशोब अर्धा राहू नये, एवढंच डोक्यात होतं.

त्या दोन टकांवर दगड आला.

घरी आले. आमचं घर म्हणजे नाशिकजवळच्या एकलहऱ्यातली, वीजकेंद्राच्या कुंपणाबाहेरची एक खोली. पत्र्यावर राख साचायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची, भाकरीवरसुद्धा. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, ठेकेदाराकडं कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करायचे. पण त्याआधी, नगरकडच्या आमच्या गावी, ते हलगी वाजवायचे. त्यांचे वडीलही वाजवायचे. लग्न असो, मयत असो, हलगी आमच्याच घरातून निघायची. नाशकात आल्यावर ती खुंटीला टांगलेली असायची. नाताळच्या संध्याकाळी दादा ती विस्तवावर धरून तापवायचे आणि दार लावून घेऊन थोडी वाजवायचे. दार उघडं ठेवून कधीच नाही.

त्या दिवशी आईनं त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, दादा चिडतील. सायकल काढतील, सरांच्या दारात जातील, शिव्या घालतील. दादांच्या शिव्या आख्ख्या वस्तीत नावाजलेल्या होत्या. दादा नुसते उठले. खुंटीवरची हलगी काढली, गोणपाटात गुंडाळली आणि कॉटखाली सारली. मग जेवायला बसले.

ती हलगी परत बाहेर निघाली नाही. दादा गेल्यावर मी ओढून काढली, तर कातडं उंदरांनी खाल्लेलं.

तुम्ही म्हणाल, मग गाणं सोडलं का नाहीस? सोडणार कशी? मला ते आवडायचं. हीच तर माझी पंचाईत. ज्या गाण्यानं माझी लाज काढली, त्याच गाण्यात मला बरं वाटायचं. कुठलं वाद्य नाही, चढाओढ नाही, सगळ्यांचा मिळून एकच आवाज. एकीचा श्वास संपला तरी दुसरीचा चालू असतो, म्हणून गाणं तुटत नाही. घरात सहा माणसं एका खोलीत राहायची, मला तो प्रकार ओळखीचा वाटायचा.

शाळेत एक सिस्टर होत्या. दक्षिणेकडच्या, मोडकंतोडकं मराठी बोलायच्या. त्यांनी मला अर्थ सांगितला. "दोना मंजे दे. पाचेम मंजे शांती." शांती दे. मी किती तरी वेळ त्यांच्या तोंडाकडं बघत बसले. म्हणजे दगडाखाली पाय ठेवून मी शांती मागत होते! त्यांनीच मला हे गाणं वाचायला शिकवलं. ते चार रेघांवरचे चौकोनी स्वर. त्यांनीच एकदा सहज सांगितलं की जुनी पद्धत शिकवताना मनातल्या मनात दोन आणि तीनचे गट मोजायलाच लावतात, नाहीतर गाणं पसरतं. मोजणं आत असतं, एवढंच. मी विचारलं, "पाय हलला तर?" त्या म्हणाल्या, "हलू दे. पाय पण देवानेच दिला." त्या रात्री मी खूप रडले. पण अंगठा काही सुटला नाही. तो आवळलेलाच.

पुढं सिस्टरांच्या ओळखीनं मला पवित्र संगीत शिकायला बाहेर पाठवलं. शिकले. गायले. मठांमधून गायले, शिबिरांत शिकवलं, फादर व्हायला आलेल्या मुलांना शिकवलं. एकदा परदेशातल्या एका मठातही राहून आले. तिथं कुणी आडनाव विचारलं नाही. आडनाव कळलं असतं तरी त्यांना काय समजणार होतं? तरीही गाताना माझा अंगठा बुटात आकसलेला. लोक म्हणायचे, ही बाई किती स्थिर उभी राहते, किती ध्यान लागलंय! कसलं ध्यान? भीती होती ती. गाणं संपल्यावर पोटरीत पेटके यायचे आणि मी भिंतीला धरून पाय झटकायचे. 

मी नाशकात परत आले. दादा गेले होते, भावंडं आपापल्या संसाराला लागलेली, आई एकटी होती. चर्चच्या शाळेत संगीतशिक्षिका म्हणून लागले. आणि हळूहळू बायकांचा एक गट जमवला. एकलहऱ्याच्या, नाशिकरोडच्या, आमच्याच बायका. कुणी घरकाम करते, कुणी दवाखान्यात आया आहे, सुनंदा द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये दिवसभर उभी असते. लॅटिनचा एकेक शब्द मी त्यांना अर्थासकट शिकवला. पहिला नियम तो. अर्थ कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

आमचं गाणं चांगलं व्हायला लागलं आणि सर आले. म्हणजे ते कुठं गेलेच नव्हते. चर्चचं संगीत त्यांच्याच हातात होतं. घराणं जुनं, आजोबांपासूनचा मान, गोरेपान, इंग्रजी फर्डं. ते म्हणाले, "छान तयार केल्या आहेस. सणाला मी समोर उभा राहीन. तू त्या खांबाआड उभी राहा, म्हणजे त्या गडबडणार नाहीत."

मी म्हटलं, "हो सर."

आणि तसंच चालू झालं. सर समोर उभे राहून हात हलवायचे. बायका त्यांच्याकडं बघायच्याच नाहीत. खांबाआडून माझा हात जेवढा दिसेल तेवढ्यावर गायच्या. गाणं संपलं की लोक सरांचा हात हातात घ्यायचे. मी खांबामागं पाय झटकत असायचे. माझा हात बघून सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "काय गं, सूप घेऊन उभी आहेस का? पाखडतेयस जणू." खरं होतं ते. हाताचं ते वर जाणं, जरा थांबणं आणि हलकेच खाली येणं मी आईच्या पाखडण्यातूनच उचललं होतं. आईच्या सुपातून धान्य सांडायचं नाही, माझ्या हातातून स्वर सांडत नाहीत. हे त्यांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. खाली मान घालून हसले.

वर्षं गेली अशी. सर म्हातारे झाले, माझे केस पिकले. पण ते मला 'तू' म्हणायचे आणि मी 'हो सर'. बाकीच्या शिक्षकांना ते 'तुम्ही' म्हणतात. शिपायालासुद्धा.

यंदा चर्चचा मोठा सण. बाहेरून पाहुणे येणार, सगळं मोबाइलवर थेट दाखवणार. पूर्ण मिस्सा, म्हणजे सणाची सगळी उपासना, ग्रेगोरियनमध्ये गायची, असं ठरलं. महिनोन् महिने आम्ही तयारी केली. बायका कामावरून थेट यायच्या, डबा माळ्यावरच खायच्या. फादर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्या वेळी तुम्हीच समोर उभ्या राहा ना. सरांचा हात आता थरथरतो." मी घरी येऊन आईला सांगितलं. दोघींना आनंद झाला आणि दोघींना भीती वाटली. आई म्हणाली, "सरांना इचारलं का?"

विचारायची वेळच आली नाही. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. मागच्या आठवड्यात ते सरावाला आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे लाइव्ह जाणार आहे. समोर कोण दिसतं ते महत्त्वाचं असतं. आपल्या चर्चची काही परंपरा आहे. तू खांबाआड."

फादर मोबाइलमध्ये बघत राहिले. फादर चांगला माणूस आहे, पण भित्रा. आणि मी कोणत्या तोंडानं कुणाला भित्रा म्हणू?

"हो सर," मी म्हटलं.

बायकांनी माझ्याकडं बघितलं. मी कुणाकडं बघितलं नाही.

सराव सुरू झाला. सर खुर्चीत बसून ऐकत होते. शेवटचा भाग आला. तोच. दोना, पाचेम. आणि टक असा आवाज आला. मला वाटलं, माझाच अंगठा.  खाली बघितलं, तर माझा पाय गप्प होता. पाय सुनंदाचा होता. बिचारी दिवसभर पॅकहाऊसमध्ये उभी राहून आलेली, पाय भाकरीसारखे सुजलेले, मुंग्या येत असतील. ती टाच हलवत होती.

सरांनी टाळी वाजवली. गाणं तुटलं. त्यांनी सुनंदाच्या पायाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि हसले. जुनी गंमत आठवल्यासारखे.

"तो दगड आण गं," मला म्हणाले.

त्यांना आठवत होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, ते विसरले असतील. त्यांच्या लेखी ती साधी गोष्ट असेल. नाही. त्यांना ती गोष्ट आठवत होती आणि तिची गंमत वाटत होती. आणि आता ती गंमत माझ्या हातून करवून घ्यायची होती.

मी गेले. हो, गेले. खोटं कशाला बोलू? पाय आपोआप गेले. दाराशी वाकले. तोच दगड. दोन्ही हातांनी उचलला, पोटाशी धरला. जड होता. तेव्हा वाटला होता तेवढाच जड. दार मागं आपटलं आणि मी दचकले. परत येऊन उभी राहिले. सुनंदानं मुकाट्यानं पाय पुढं केला. तिनं पाय पुढं केला हो! कुणी सांगितलं नव्हतं तरी. चाळिशीची बाई, दोन पोरांची आई, आणि दगडाखाली पाय द्यायचा असतो हे तिला सांगावं लागलं नाही.

तिथं माझं काहीतरी तुटलं.

"नाही ठेवायचा," मी म्हटलं. आवाज निघालाच नाही. फक्त ओठ हलले.

"काय?"

"नाही ठेवायचा, सर. दगड. कुणाच्याच पायावर."

 आता पुन्हा लघवी होते की काय, असं वाटत होतं. खरं सांगते. पन्नाशीकडं झुकलेली बाई मी, आणि मला तीच भीती. दगड खाली ठेवायचा, तर वाकावं लागणार. समोर सर बसलेले. वाकले असते तर त्यांच्या पायाशी वाकल्यासारखं झालं असतं. म्हणून वाकले नाही. दगड तसाच पोटाशी धरून उभी राहिले.

"मग करतेस काय? बायका खोळंबल्यात," सर म्हणाले.

बायका माझ्या हाताची वाट बघत होत्या. हात तर दगडाखाली अडकलेले. तेव्हा अंगठा हलला. मी हलवला नाही म्हणणार होते, पण नाही, मीच हलवला. मुद्दाम. फळीवर आपटला. तीन. चार. टक, टक.

आणि बायका गायला लागल्या.

शेवटपर्यंत गायल्या. मी त्यांच्यासमोर, उघड्या जागी, दगड धरून, कुठलाही खांब मध्ये नसताना. गाणं काही फार सुरेख झालं नाही. माझाच आवाज दोनदा चिरकला, सुनंदा रडत होती. पण तुटलं नाही.

"हा अपमान आहे," सर म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. अपमान! शब्द माहीत होता म्हणायचा त्यांना.

मी जिना उतरले. दगड हातातच होता. मागून सुनंदा माझ्या चपला घेऊन आली. रिक्षात बसले, दगड मांडीवर. रिक्षावाला म्हणाला, "काय ताई, पाटा घेतला वाटतं?" मी म्हटलं, "हो." 

दुसऱ्याच दिवशी चर्चच्या कमिटीनं बोलावलं. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, फादर एका टोकाला. सेक्रेटरी बोलले. शांत, गोड आवाजात. दोन गोष्टी सांगितल्या. सरावाला सगळ्यांसमोर सरांची माफी मागायची. आणि दगड परत आणून ठेवायचा, कारण माळ्याचं दार आपटतंय. नाहीतर सणाला मुंबईहून दुसरा गट येईल आणि शाळेतल्या नोकरीचंही बघावं लागेल.

 मग ते जरा पुढं झुकले.

"आई कशा आहेत? थकल्या ना आता? आपण सगळी एकाच कुटुंबातली माणसं. उद्या काही झालं, तर शेवटी यायचं इथंच ना."

समजलं मला. दादा चर्चच्या दफनभूमीत आहेत, मागच्या भिंतीलगत, जिथं आमच्यासारख्यांना जागा मिळते तिथं. आईनं त्यांच्या शेजारची जागा कधीपासून मनात धरलीय. दर वर्षी नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी ती तिथलं गवत काढते आणि रिकाम्या जागेतलंही काढते. स्वतःच्या. नोकरीच्या धमकीला मी भ्याले नाही एवढी ह्या एका वाक्याला भ्याले.  टेबलावरची बाटली उचलायला गेले, तर हातातून निसटली.

"विचार करून सांगते," एवढंच म्हणाले आणि निघाले.

घरी आले तर आई ओट्यापाशी बसलेली. ओट्यावर तो दगड. मी तिला काही सांगितलं नव्हतं, पण तिनं ओळखला होता. तिच्या हातात ओलं फडकं होतं. ती दगड पुसत होती. कडेकडेनं. तसंच.

मी धावत जाऊन फडकं तिच्या हातातून ओढलं. "आई, हा नाही पुसायचा! परत नाही पुसायचा!"

ती घाबरली. मी जोरात ओरडले होते. मग मी तिला सगळं सांगितलं. कमिटी, माफी, दफनभूमी, सगळं. मला वाटलं, आता तरी ती म्हणेल, नको मागू माफी. माणसाला वाटतं तसं.

"माग की माफी," आई म्हणाली. "काय जातंय तुजं? मी जनमभर मागितली. तोंडानं म्हनायचं अन् सोडून द्यायचं."

"सुटलं का तुझं?"

 फडकं नव्हतं हातात, तर पदरानंच हात पुसत बसली. मग म्हणाली, "मला तुज्या बापाशेजारी ठेव बाई. बाकी काय नको. मला लय भ्या वाटतं."

मलाही लय भ्या वाटतं, आई.

उद्या सण आहे. सेक्रेटरींना मी आज दुपारी फोन करून सांगितलं. माफी नाही. दगडही नाही. ते म्हणाले, "परिणामांना तुम्ही जबाबदार." तेही मला 'तू'च म्हणायचे, आज पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाले. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मोरीत जाऊन ओकले.

बायकांनाही सांगितलंय. ज्यांना यायचं नसेल त्यांनी येऊ नका, राग नाही. सुनंदा म्हणाली, "मी येतेय, चप्पल काढून." बाकीच्यांचं सकाळी कळेल. मुंबईचा गट आत गात असला, तर आम्ही बाहेर पायऱ्यांवर गाऊ. आत जागा मिळाली, तर समोर. खांबाआड मी आता जाणार नाही.

आणि आईच्या वेळी दफनभूमीचं फाटक कुणी लावून घेतलं, तर मी आईला घेऊन त्या फाटकासमोर उभी राहीन आणि उघडेपर्यंत गात राहीन. दादांच्या शेजारची जागा तिची आहे. तिनं ती आपल्या हातानं साफ ठेवलीय.

भीती गेलेली नाही. हे सांगतानाही अंगठा आवळलेला आहे. उद्या मात्र तो हलणार, सगळ्यांच्या देखत, लाइव्ह. ज्याला बघायचं त्यानं बघावं. माळ्याचं दार आपटत असेल तर आपटू दे. दगड माझ्या घरात आहे.